दहा सेंटिमीटरची भीती

६ ऑगस्ट २००१, सोमवार

भीती मोजायचं काम मिळालं आहे. हसावं की रडावं कळेना.

तिसऱ्या मजल्यावरचे डॉ. अभिनव सरपोतदार जिन्यात भेटले. भूल देणारे डॉक्टर. म्हणाले, "महिपतराव, तुम्ही कारखान्यात मापंच घेत होता ना? मला माणूस हवाय. आमचे शिकाऊ डॉक्टर सगळे आकडे पाचाच्या-दहाच्या घरात बसवतात." म्हटलं, तेवीस वर्षं गेज-रूममध्ये काढली, मायक्रॉनमध्ये वाचायचो. तर म्हणे, मिलिमीटर चालेल.

चालेल! पिंपरीत माझ्या जागी कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणून बसवलं आणि आमच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद दिला. स्वेच्छा कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी पेन्सिलीच्या फुल्या मोजायच्या. पण दोन वर्षं घरात बसून भिंती पाठ झाल्या आहेत. हो म्हणून टाकलं.

पूर्णिमाला सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणाली. नवऱ्याला नोकरी लागली तर बायका निदान देवापुढे साखर ठेवतात.

९ ऑगस्ट, गुरुवार

काम समजलं. ऑपरेशनच्या आधी पेशंटला एक गोळी देतात, मन शांत व्हावं म्हणून. ती किती काम करते हे डॉक्टरांना मोजायचं आहे. साठ पेशंट. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कुठली हे मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. पाकिटांवर नुसते नंबर. यादी औषधांच्या खोलीत, सीलबंद. साठ पूर्ण झाल्यावरच उघडणार.

कागदावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला लिहिलंय "अजिबात भीती नाही", उजव्या टोकाला "याहून जास्त भीती असूच शकत नाही". पेशंटने रेघेवर कुठेतरी फुली मारायची. एकदा गोळीआधी, एकदा गोळीनंतर तासाने. मग मी डावीकडून पट्टी लावून मिलिमीटर वाचायचे. शून्य ते शंभर. शिवाय तीन चित्रं दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं, काय होतं त्यात. खरी गोळी घेतलेला बहुतेक विसरतो म्हणे.

पट्टी प्लास्टिकची दिली होती. परत केली. घरून माझी स्टीलची नेली.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

नातेवाईक हा एक स्वतंत्र रोग आहे. त्याच्यावर कुठल्या डॉक्टरकडे गोळी नाही.

आज गोदाबाई म्हणून एक बाई होत्या. गर्भाशय काढायचं. मी कागद पुढे केला तर नवऱ्याने पेन्सिल घेतली आणि मारली फुली, दहाच्या आसपास. "आमच्याकडे घाबरायची पद्धत नाही." म्हटलं, अहो, पोट त्यांचं कापणार आहेत, तुमचं नाही. मग त्याला बाहेर काढलं. बाईंनी पदर तोंडाला लावून फुली मारली. एक्याऐंशी!

नियमच करून टाकला. कागद हातात घेतला की नातेवाईक खोलीच्या बाहेर. सासू, नवरा, मुलगा, कोणीही. ते बाहेर गेले की फुली सरकते, कधी इकडे, कधी तिकडे. डॉक्टरांना पटलं. म्हणाले, "हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं." येणार कुठून.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

आमटीत मीठ नव्हतं. मी काही बोललो नाही. जेवण झाल्यावर कॅलेंडरवर लाल ठिपका दिला.

ही पद्धत चांगली आहे. कारखान्यात नापास तुकड्याला लाल खूण करायचो, बोलायची गरज पडत नसे. घरातही तेच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. शेजारचे बाबुराव बायकोवर खेकसतात ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. मी उभ्या आयुष्यात हिच्यावर आवाज चढवलेला नाही. हात तर दूरच.

३ सप्टेंबर, सोमवार

सोळा पेशंट झाले. आज सतरावा बाद.

रंगराव नावाचे गृहस्थ, हर्नियाचे. त्यांचं गाव आता शहरात आलंय, म्हणजे शहरच त्यांच्या अंगावर गेलंय. गळ्यात चेन, अंगावर बंडी. पहिली फुली बारा, दुसरी अकरा. गोळीचा काही पत्ता नाही. डोळे टक्क उघडे. मला संशय आला. विचारलं, गोळी घेतलीत ना? तर उपरण्याच्या टोकाची गाठ सोडून दाखवली.

"ही काय. त्या मावशींनी काल सांगितलं हाय, सकाळधरनं तोंडात कायबी घालायचं न्हाई. मी काय येडा हाय व्हय?"

वॉर्डातल्या बायडाबाई रात्री सगळ्यांना दम देऊन जातात, थुंकीसुद्धा गिळू नका म्हणतात. आणि हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकायला गेला. याआधी किती जणांनी गोळ्या गाठीला बांधल्या असतील देव जाणे. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या हो, पिठाचीच असेल एखादे वेळी." राहू द्या! असं "राहू द्या" करूनच आमचा कारखाना बसला. मी अडूनच बसलो. शेवटी केस बाद. सतरा नंबरला दुसरा पेशंट घेणार. आजपासून गोळी मी समोर उभं राहून गिळायला लावणार, तोंड उघडायला लावणार, जीभ वर करायला लावणार.

५ सप्टेंबर, बुधवार

सिस्टर ऋतिका म्हणून एक नवी मुलगी आहे, बुलढाण्याकडची. तिने विचारलं, "काका, कारखान्यात काय मोजायचे तुम्ही?" तिला सांगितलं की मापाचे पोलादी ठोकळे असतात, ते नुसत्या हातात धरले तरी हाताच्या उबेने फुगतात आणि माप चुकतं. म्हणून हातमोजे घालायचे, खोली थंड ठेवायची, श्वाससुद्धा बाजूला सोडायचा. ती म्हणाली, "बाप रे, एवढं?" मन लावून ऐकत होती. घरी हे कोणी कधी विचारलं नाही.

१३ सप्टेंबर, गुरुवार

अमेरिकेत त्या इमारती पडल्यापासून आमच्या मुलीच्या, श्रद्धाच्या कंपनीत सगळे हवालदिल. तिचा प्रोजेक्ट थांबला, तिला "बेंचवर" बसवलंय म्हणे. पगार चालू, काम नाही. फोनवर म्हटलं, आम्हालाही असंच बसवलं होतं, नंतर कागद आला. मग म्हणाली, "बाबा, तुमच्याशी बोललं की धीर येतो अगदी." बोलणं तिने माझ्याकडूनच उचललंय.

जूनपासून विश्रांतवाडीला दोन मैत्रिणींबरोबर राहते. का, तर ऑफिसची बस तिथून मिळते. बस इथून, कर्वेनगरहूनही मिळते. मी स्वतः जाऊन थांबा बघून आलो, वेळ टिपून आणली. तिला दाखवली. तरी गेली.

२७ सप्टेंबर, गुरुवार

पूर्णिमाच्या पित्ताशयात खडे निघाले. वर्षभर पोट दुखत होतं म्हणे. वर्षभर! मला आज कळतंय. विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुम्हाला आधीच इतके व्याप." मला कसले व्याप, दोन वर्षं घरी होतो.

ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात, सोळा ऑक्टोबरला. डॉक्टरांना म्हटलं, हिलाही अभ्यासात घ्या. एकेचाळीस नंबर बसतो तिला. संमतीचा कागद घरी आणला. "वाचू का?" म्हणाली. म्हटलं, मी वाचलाय, इथे सही कर. केली.

एक बरं होईल. हिला नेमकी भीती किती वाटते ते तरी कळेल. हल्ली कायम धसकलेली असते. मी स्वयंपाकघरात नुसता पाणी प्यायला गेलो तरी हातातलं भांडं निसटतं. विचारलं तर "काही नाही". "काही नाही" याचं माप कसं घेणार?

१६ ऑक्टोबर, मंगळवार

सहा वाजता तिच्या खोलीत गेलो. श्रद्धाला बाहेर बसवलं, नियम तो नियम. कागद पुढे ठेवला. सांगितलं, नीट विचार करून मार, खाडाखोड चालत नाही. तिने रेघेकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मग पेन्सिल टेकवली. फुली वाकडी आली. पट्टी लावली. अठ्ठ्याहत्तर.

"एवढं काय घाबरायचं त्यात? दुर्बिणीतून करणार आहेत," म्हटलं.

"ऑपरेशनचीच हो, दुसरी कसली," घाईघाईने म्हणाली. मी "कसली" असं विचारलंच नव्हतं.

गोळी दिली. मी सांगायच्या आधीच तिने तोंड उघडून जीभ वर करून दाखवली. तीन चित्रं दाखवली. तेवढ्यात डॉ. सरपोतदार आले आणि मलाच झापलं. "महिपतराव, तुम्ही इथे कसे? आज तुम्ही नातेवाईक. नियम तुमचाच." म्हटलं, मी स्टाफ आहे. "आज नाही." सिस्टर ऋतिकासमोर बोलले. पुढचा कागद तिच्याकडे दिला आणि मला खाली कॅन्टीनला पाठवलं. तासभर थंड चहापुढे बसलो. राग आला होता, खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. त्या कामातूनसुद्धा मला बाहेर काढलं असं वाटलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुपारी ऋतिकाकडून दुसरा कागद घेतला. फुली सरळ, ठसठशीत. पट्टी लावली. तेरा!

पुन्हा लावली. तेराच. पासष्ट मिलिमीटर उतार. चाळीस जणांत असा उतार एकाचाही नाही. ऋतिका म्हणाली, "काकू किती छान बोलत होत्या! लहानपणी नदीत उड्या मारायच्या म्हणे पुलावरून. हसून हसून पोट दुखायला लागलं, आधीच दुखतंय म्हणाल्या." पुलावरून उड्या! चोवीस वर्षांत मला बोलली नाही. गोळीने माणूस बडबडतो, मी पाहिलंय.

१७ ऑक्टोबर, बुधवार

चित्रं विचारली, ऋतिकानेच. छत्री, कुलूप, बदक. तिन्ही बरोबर. शिवाय छत्रीची दांडी तुटलेली होती, हेही सांगितलं. खरी गोळी घेतलेला विसरतो. पण डॉक्टर "बहुतेक" म्हणाले होते, सगळे नाहीत. आणि हिची स्मरणशक्ती पहिल्यापासून फार. कुठल्या साली मी काय बोललो होतो ते तारखेसकट माहीत असतं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

घरी सोडलं. म्हणजे विश्रांतवाडीला. श्रद्धा रिकामीच आहे, म्हणाली, "पंधरा दिवस आई माझ्याकडे." मी म्हटलं, इथे मी आहे की. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पूर्णिमा म्हणाली, "तुमचं कामही चालू आहे ना." रिक्षात बसताना हसली. तेव्हा गोळीचा अंमल उतरून तीन दिवस झाले होते.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

पंधरा दिवस झाले. फोन केला. "अजून टाके ओढतात." दुर्बिणीच्या ऑपरेशनला टाके असतात तीन का चार.

घर शांत आहे. कॅलेंडरवर एक ठिपका नाही. चुकायला कोणी नाही. पोळी-भाजी मेसमधून येते. पोळ्या एकसारख्या, भाजीत तेल. कोणाला सांगणार. संध्याकाळी दाराची कडी वाजली असं वाटलं. बाबुरावांकडे कोणी आलं होतं.

१४ नोव्हेंबर, बुधवार

लक्ष्मीपूजन. विश्रांतवाडीला गेलो, सकाळीच. फराळाचं त्या मुलींनी विकत आणलं होतं.

जिना चढताना वरून हसण्याचा आवाज येत होता. तीन-चार जणींचा. त्यात एक आवाज मोठा, मोकळा, ओळखीचा वाटेना. दारापर्यंत गेल्यावर कळलं की तो पूर्णिमाचा आहे. मी तसाच उभा राहिलो. किती वेळ उभा होतो ते बघितलं नाही. मग बेल दाबली.

आत शांत झालं. दार उघडलं तेव्हा पूर्णिमा पदर सारखा करत होती. मैत्रिणी आत गेल्या. चहा आणताना हिच्या हातून बशी निसटली. मी नुसतं बशीकडे पाहिलं. तरी तीनदा "चुकून झालं" म्हणाली. श्रद्धा म्हणाली, "आई, बशीच आहे." मग माझ्याकडे बघून, "बाबा, तुम्ही बसा ना नीट." मी नीटच बसलो होतो.

परत येताना ठरवलं. हिला ती गोळी मिळायला हवी. रोज. अशी धसकून किती दिवस काढणार बिचारी! त्या दिवशी एका गोळीत पासष्ट मिलिमीटर उतरली होती.

१९ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांशी बोललो. स्पष्ट सांगितलं, माझी बायको घरात घाबरून असते, एकेचाळीस नंबरला ती गोळी मानवली आहे, रोज थोडी देता येईल का. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "घरात कशाला घाबरतात त्या?" म्हटलं, तेच तर कळत नाही. स्वभाव.

मग म्हणाले, "त्यांना खरी गोळी मिळाली होती हे तरी कुठे माहीत आहे आपल्याला?" मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तरचं तेरा पिठाने होत नाही. ते म्हणाले, "एक तारखेला यादी उघडतो. खरी निघाली तर देऊ, थोडे दिवस, अगदी कमी."

झालं तर मग. शनिवारी, एक डिसेंबरला, गोळ्या घ्यायच्या आणि तसंच विश्रांतवाडीला जाऊन तिला घेऊन यायचं. पूर्णिमाला फोनवर सांगून ठेवलं.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

श्रद्धाचा फोन. "आईला गोळ्या सुरू करणार आहात असं म्हणाली ती. खरं?" सगळं समजावून सांगितलं. रेघ, फुली, आकडे. पहिल्यांदाच माझं काम तिने पूर्ण ऐकून घेतलं.

शेवटी विचारलं, "दुसऱ्या फुलीच्या वेळी आईजवळ कोण होतं?"

"सिस्टर."

"आणि तुम्ही?"

"खाली. कॅन्टीनमध्ये."

"बरं," म्हणाली. आणि फोन ठेवला.

पोरीला सवयच आहे अर्धवट बोलायची.

२८ नोव्हेंबर, बुधवार

साठ पूर्ण. डॉक्टरांनी पेढे वाटले.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

घर झाडलं. गादीवरची चादर बदलली. पूर्णिमाची औषधं ठेवायला कपाटाचा एक खण रिकामा केला. किती वर्षांनी काही तिच्यासाठी केलं, आठवेना. उद्या जाताना मोगरा मिळतो का बघायचं. या दिवसांत मिळत नाही बहुधा, शेवंती तरी.

तिला सांगणार आहे की घाबरू नकोस. इतकी वर्षं हे सांगायचंच राहिलं.

१ डिसेंबर, शनिवार

यादी उघडली. एकेचाळीस — पिठाची.

मी दोन्ही कागद मागून घेतले, पट्टी पुन्हा लावली. अठ्ठ्याहत्तर. तेरा. माप बरोबर आहे. त्या तासात तिच्या खोलीतून एकच गोष्ट बाहेर गेली होती, आणि ती कॅन्टीनमध्ये बसून होती.

श्रद्धाला फोन केला. सांगितलं, आज येत नाही. आईला म्हणावं, सावकाश.